आमची वाटचाल: गेरूची भिंत आणि भट्टीतली माती

पालघर जिल्ह्यातील आमच्या छोट्या स्टुडिओत वारली चित्रे आणि त्यांमागच्या कथांच्या आधाराने मातीची भांडी घडवली जातात व तीच कला शिकवलीही जाते. सुरुवातीला आम्ही स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी, करत होतो. परंतु १२०० अंशांच्या आसपास लाल माती काळपट तपकिरी होते आणि गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीचा रंग तिच्यात उरत नाही. म्हणून हजारेक अंशांवर भाजली जाणारी विटकरी माती आम्ही पत्करली. भिंतीवरची रेषा तांदळाच्या पिठाची असते, पण पीठ भट्टीत जळून जाते. त्यामुळे त्याजागी चिनी मातीचा पातळ घोळ वापरावा लागतो, आणि दोन्ही माती सारख्या आकसल्या नाहीत तर रेषेचे पापुद्रे सुटतात. भांडे हाताला गार लागत असतानाच, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढावे, ही युक्ती आमच्या वारली सहकाऱ्यांची.

गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला कागदावरून जगभर पोहोचली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र मुळात ती लग्नघरातल्या स्त्रियांच्या हातची. सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते. हा चौक आम्ही कपबश्यांवर उतरवत नाही. दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी त्याची घाऊक मागणी येते (चौकट सुंदर दिसते, हे खरेच), तरी तेवढा धंदा सोडून देणेच आम्हाला योग्य वाटते. तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच, भाताची लावणी, मळणी, झाडांवरची पाखरे एवढे विषय भांड्यांना पुष्कळ होतात. चित्रकाराचे नाव प्रत्येक भांड्याच्या बुडाशी कोरलेले असते आणि विद्यार्थ्यांनी रंगवलेली भांडी आम्ही वारली म्हणून विकत नाही.

वर्गात मुलांना दोन त्रिकोण जोडून माणूस काढण्याची घाई असते. आम्ही आधी धान्याची देवी कणसरी आणि घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने तिची कथा गाणारे भगत यांच्याविषयी सांगतो. मग कणग्या, उखळ, शेत अशा गोष्टी चित्रात आपोआप येऊ लागतात.

कमी तापमानाची माती पाणी शोषते, म्हणून जेवणाच्या भांड्यांना शिसेविरहित झिलई द्यावी लागते आणि त्यामुळे किंमत वाढते. अलीकडे आम्ही भिंतीच्या फरशाही करू लागलो आहोत. पावसाळ्यात त्या नीट वाळत नसल्याने त्यांच्या ऑर्डरी दिवाळीनंतरच घेतो.