मध्यलय: सोळा पानांचा संगीत अंक, आठवडा पाचवा

मंडळी, मागच्या नोंदीच्या वेळी अंकाला नाव नव्हतं, वाचक नव्हता आणि मुखपृष्ठावर कोण घ्यायचं तेही ठरलं नव्हतं. आता नाव आहे, वाचक सापडलाय आणि मुखपृष्ठाचा एक फोटो वाया घालवून झालाय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान एवढंच मागितलंय. पण आत काहीच नसेल तर अनुक्रमणिका कसली लिहायची? म्हणून सोळा पानं काढतेय. गुण तेवढेच मिळणार, हे मॅडमनी आधीच सांगितलंय.

आधी सर्व्हेची फजिती. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्ही कोणतं संगीत ऐकता?’ चाळीसेक जणांनी भरला आणि बहुतेकांचं उत्तर एकच, ‘सगळंच’. ‘संगीत मासिक विकत घ्याल का?’ याला तर धडाधड ‘हो’. माझं मन राखायला, दुसरं काय. मग फॉर्म बाजूला ठेवला आणि कँटीनमध्ये एकेकाला गाठून म्हटलं, ‘फोनवर शेवटची पाच गाणी कोणती वाजली ते दाखव.’ तिथे खरी माणसं दिसली. दिवसभर रॅप ऐकणाऱ्या एका मुलाच्या यादीत मधेच राग भीमपलास. विचारलं तर लाजत म्हणाला, ‘मध्यमापर्यंत झालंय माझं. दहावी आली आणि सुटलं.’ (मध्यमा म्हणजे शास्त्रीय संगीताची एक परीक्षा.)

ही जमात मला माहीत आहे, कारण मी तिच्यातलीच. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, आणि मग दहावी. महाराष्ट्रात गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा अर्धवट सोडलेली मुलं गल्लोगल्ली सापडतात. त्यांना तीनताल मोजता येतो, यमन रागाची पकड (ओळखीची स्वरओळ) पाठ असते, पण आपल्याला संगीत ‘येतं’ असं ती म्हणत नाहीत. जाणकारांसाठीचं लेखन त्यांना जड जातं आणि सिनेसंगीताच्या गप्पा पोरकट वाटतात. माझा वाचक हाच. वय, उत्पन्न, शहर असा तक्ता मॅडमना हवा होता तो भरून दिला, पण अंक ठरवताना मी त्या कँटीनमधल्या मुलाकडेच बघते.

जुन्या मासिकांचा अभ्यास या आठवड्यात पुढे सरकला. ब्रिटनच्या ‘एनएमई’ (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) या संगीत साप्ताहिकाने १९५२ साली तिथला पहिला सिंगल्स चार्ट, म्हणजे खपाप्रमाणे गाण्यांची क्रमवारी, छापला. लोक अंक घेऊन बातम्या वाचतात तितकंच ‘आपलं गाणं कितव्या नंबरावर’ हेही बघतात, हे त्यांना तेव्हाच कळलं. २०१५ मध्ये तेच साप्ताहिक फुकट वाटायला लागले आणि २०१८ मध्ये छापील अंक बंद केला. (२०२३ मध्ये पुन्हा छापायला लागले, ते निराळं.) आपल्याकडे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचं मासिक १९९३ साली निघालं, तेही मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून! हे कळल्यावर ‘संगीत मासिक मोठ्या शहराचंच काम’ हा माझा समज गेला. खरं तर तो आधीच जायला हवा होता, कारण बी. आर. देवधरांनी संपादन केलेलं ‘संगीत कला विहार’ हे मिरजेशी जोडलेलं मासिक घरात मावशीच्या कपाटात पडलेलं.

‘स्मॅश हिट्स’ हे १९७८ चं ब्रिटिश पॉप मासिक गाण्यांचे शब्द छापायचं. मुलं ते कापून ठेवत. ती कल्पना मी सरळ उचलली: शेवटून दुसऱ्या पानावर एक पारंपरिक बंदिश, भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत (सूर कागदावर लिहायच्या खुणांत), कापून वहीत चिकटवता येईल अशी. पण हे टाइप करणं म्हणजे शिक्षा आहे. कोमल स्वराला खाली आडवी रेघ आणि मंद्र सप्तकाला खाली टिंब. आता मंद्रातला कोमल निषाद आला की रेघही हवी आणि टिंबही. सॉफ्टवेअर दोन्ही एकमेकांवर बसवतं. शेवटी हाताने लिहून स्कॅन करणार.

नावाकडे येते. ‘आवर्तन’ जवळजवळ नक्की होतं, पण पानाच्या वरच्या कडेला मोठ्या अक्षरात लावलं की रफार कापला जाईल की काय अशी धास्ती, आणि खाली घेतलं की वर मोकळी पट्टी. मग ‘मध्यलय’ सुचलं. ना वेलांटी, ना रफार, शिरोरेषेच्या वर काहीच नाही. अर्थही नेमका: विलंबित (संथ) नाही, द्रुत (जलद) नाही, आणि मध्यमाला सुटलेल्यांना आतली गंमत कळेल. फाँटात टाकलं आणि काहीतरी खुपायला लागलं. दहा मिनिटं बघत बसले तेव्हा कळलं, ‘ल’ हिंदीचा होता, दांडीचा. मराठीत आपण पाकळीचा ल लिहितो. शासनाच्या २००९ च्या लिपीच्या निर्णयातही तोच आहे. मजकुरात कदाचित खपून गेला असता, पण चार अक्षरांच्या नावात, चार सेंटिमीटर उंचीला, तो परक्या पाहुण्यासारखा मधे उभा होता. शेवटी कटनिबने (तिरप्या टोकाच्या निबने) सगळं नावच काढलं. सत्तावीस कागद गेले. अठ्ठाविसाव्यावरचा ल बरा आहे, ध्य अजून थोडा लंगडतोय.

पहिल्या अंकाचा विषय ‘साथ’. गायकाच्या मागे बसून तानपुरा धरणारी मुलगी मुखपृष्ठावर, गायक फोटोच्या चौकटीबाहेर. वर्गातल्या मैत्रिणीला बसवलं, खिडकीचा उजेड घेतला, पाठीमागे काळा पडदा. फोटो असा आला की मी नाचायचीच बाकी होते. संध्याकाळी मावशीला दाखवला. ती विशारद आहे. तिने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि हसायला लागली.

‘अगं, ही तानपुरा छेडतेय की खाजवतेय?’

मैत्रिणीने चारही तारांवर तर्जनीच ठेवली होती. पहिली तार, पंचमाची, मधल्या बोटाने छेडतात आणि उरलेल्या तीन तर्जनीने. शिवाय तिची बोटं आकड्यासारखी वाकलेली. तारेवरून बोट नुसतं सरकायला हवं, ओढायचं नाही. माझ्या वाचकाने हे एका नजरेत पकडलं असतं आणि तिथेच अंक मिटला असता. मी स्वतः चार वर्षं तानपुऱ्याशेजारी बसून शिकले, तरी मला दिसलं नाही, याची लाज वाटली. येत्या रविवारी फोटो पुन्हा. या वेळी मावशी समोर बसणार आहे, आणि तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही.

जोडपान हार्मोनियमवर आहे: आमच्या पेठेतल्या एका साथीदार काकांची मुलाखत, आणि चौकटीत ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवलं त्याची हकीकत. मथळा दोन्ही पानांवर पसरवला होता. डमी (नमुना प्रत) काढली आणि घोळ समजला. रोमन अक्षरं सुटी असतात, मधे घडी आली तरी चालून जातं. आपल्या शिरोरेषेचं तसं नाही. दोन पानं दोन वेगळ्या कागदांवर छापली गेली आणि जुळवताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर रेघ पायरीसारखी तुटलेली दिसते. उपाय सोपा निघाला. सेंटर पिनच्या सोळापानी अंकात आठवं आणि नववं पान एकाच कागदावर येतं. जोडपान तिथे नेलं, रेघ सलग. अनुक्रमणिका मात्र सगळी बदलावी लागली.

छपाईचं थोडक्यात. पानं चारच्या पटीत, चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई), फोटो ३०० डीपीआय. पडद्यावरचा झगझगीत जांभळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) गेला की वांग्याच्या सालीसारखा मळकट होतो, म्हणून तो रंगच काढून टाकला. आणि काळं मुखपृष्ठ डिजिटल छपाईवर करणार असाल तर घडीच्या जागी आधी क्रीझ (दाबून खाच) मारून घ्या, नाहीतर टोनर फुटून पांढरी रेघ दिसते. माझ्या पहिल्या डमीची पाठ पाल अंगावर पडल्यासारखी दिसतेय.

गंधर्वच्या परीक्षांचं पुढचं सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याआधी पन्नास प्रती काढून एखाद्या केंद्राबाहेर घेऊन बसायचा बेत आहे. आतल्या पानांसाठी सत्तर जीएसएमचा (पातळ) कागद घेतला तर मागचं छापलेलं दिसतं, शंभरचा घेतला तर पैसे वाढतात. दोन्हींचे नमुने आणलेत. स्वरलिपीचं पान आधी सत्तरवर छापून बघते, कारण मंद्राची टिंबं मागून आरपार दिसली तर सप्तकच बदलेल.