नांगी कुणाकडे?

रविवार, मे महिन्याची अखेर

ताईच्या मुलाला विंचवाचा टॅटू काढून घ्यायचाय, मानेवर. आईला विचारायची छाती नाही म्हणून मोबाईलमध्ये नमुने भरून माझ्याकडे आला. सगळे एकाच वळणाचे. जाड काळ्या रेषा, निमुळती टोकं, वर वळलेली नांगी. 'ट्रायबल' म्हणे. मी विचारलं, कुठल्या जमातीचा? तर म्हणतो, "तसं नसतं गं मावशी, स्टाईल असती ती."

आहे खरं तसंच. ही वळणं बोर्निओ, सामोआ, मार्केसस बेटांवरच्या गोंदणातून उचललेली. १९८०च्या दशकात अमेरिकेत लिओ झुलुएटासारख्या कलाकारांनी ती रुळवली आणि पुढे ती जगभरच्या टॅटूच्या दुकानांत पोचली. सामोआत पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण त्याचं घराणं आणि जबाबदारी सांगतं. बोर्निओच्या इबान लोकांच्या नक्षीत विंचू आहे, तो त्यांचा आहे. न्यूझीलंडात तर मूळचे विंचूच नाहीत, तरी याच्याकडे 'माओरी स्कॉर्पिअन' नावाचा नमुना होता!

अर्थ काय म्हणावं तर ताकद, निडरपणा, आमच्या नादाला लागू नका. वर आणखी एक कारण, जन्म नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, म्हणजे स्कॉर्पिओ. पत्रिकेत चंद्र मीन राशीत आहे, पण ते त्याच्या गावी नाही. आत्या (माझ्या सासूबाई) आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग मासा काढ की."

त्यांच्या स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराखाली, विंचू आहे. एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना पायांच्या बारक्या रेघा, वळलेली नांगी आणि टोकाला ठिपका. आता हिरवट पडलाय, पण विंचू म्हणून लांबूनही ओळखू येतो. लग्नाआधी, बार्शीकडच्या माहेरी गोंदलेला. दिव्याची काजळी आणि एकत्र बांधलेल्या सुया. मी इतकी वर्षं तो हात रोज बघते, आणि विंचूच का, हे आज भाच्यानं विचारलं म्हणून कळलं.

"थोरलीच्या हातावर होता. मला तुळस पाहिजे होती. पण मी लई रडाय लागले, मग गोंदणारीनं लवकर होणारं काढलं."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजीकडून काहीतरी गूढ ऐकायला मिळेल म्हणून बसला होता बिचारा. मग आत्यांनी पुढचंही सांगितलं. ज्याच्या हातावर विंचू, त्याला विंचू चावत नाही म्हणतात. "मला चावला की रानात. पण लवकर उतरला." आणि मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण कोण काढणार?

त्या विश्वासाला मी तरी हसणार नाही. विंचवानं खरोखर माणसं मरायची. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याआधी गावात हाताशी काय होतं? मंत्र, अंगारा आणि हातावरचं हे चित्र. एकनाथांच्या भारुडातही विंचू म्हणजे काम-क्रोध, उतरवायची गोष्ट. त्याला मिरवायचं, हे मला नवीनच.

पण तो काढणार हे नक्की, तर मी माझ्या परीनं अडवून बघितलं. साहेब सैन्यभरतीसाठी रोज पहाटे ग्राउंडवर पळायला जातात. सैन्याला कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. मानेवरचा विंचू मेडिकलला थेट आडवा येणार. गंमत म्हणजे आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर, अंगावर गोंदलेलं असलं तरी विचार होतो. खऱ्या ट्रायबलला सवलत आहे, स्टाईलला नाही. हे मात्र त्याला पटलं. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही सांगितलं. सुई तुझ्यासमोर नवी फोडायला लाव, आणि सोलापूरच्या या उन्हात, घामात तर मुळीच नको, हे वेगळं बजावलं.

मग त्यानं डाव्या हातावर आतल्या बाजूला बॉलपेननं आत्यांचाच विंचू काढून बघितला. मला तो मोबाईलमधल्या सगळ्यांपेक्षा बरा वाटला. रेघा कमी आणि सुट्या, म्हणजे पुढं शाई पसरली तरी गिचमिड होणार नाही. आत्यांनी हात धरून निरखला आणि पहिली चूक काढली: पाय सहाच काढलेस, आठ असतात. दुसरी, नांगी कोपराकडं गेलीय. "असा ठेवलास तर तो तुलाच चावंल. नांगी लोकाकडं ठेव." तो म्हणाला, तसं केलं तर मला स्वतःला उलटा दिसणार. त्यावर दोघांची जुंपली. मी भाकरी थापायला उठले तरी चालूच होतं.