काविळीतून निघालेलं औषध

काविळ झाली अन् संधिवात थांबला असं कोणी पारावर सांगितलं तर आपण हसूच. पण १९२९ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरला एका पेशंटनं नेमकं हेच सांगितलं, अन् हा माणूस हसला नाही, त्यानं ते लिहून ठेवलं आणि पुढं कितीतरी वर्षं असेच पेशंट शोधत राहिला. मग त्याला दिसलं की दिवस राहिले की बायांचे सांधे मोकळे होतात अन् बाळंत झाल्यावर पुन्हा धरतात. म्हणजे शरीरच काहीतरी तयार करते. काय ते माहीत नाही, म्हणून नाव ठेवलं 'सबस्टन्स एक्स'.

त्याच क्लिनिकमधला केमिस्ट एडवर्ड केंडॉल किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतले पदार्थ वेगळे करत होता, त्यातलं एक म्हणजे कॉर्टिसोन. हेच ते 'सबस्टन्स एक्स' असावं असं दोघांना वाटलं. सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवातानं पलंगाला खिळलेल्या एका तरुण बाईला त्याचं इंजेक्शन दिलं आणि चारपाच दिवसांत ती चालायला लागली! १९५० मध्ये दोघांना अन् स्वित्झर्लंडच्या राइशस्टाइनला नोबेल. (सुरुवातीला हे औषध गुरांच्या पित्तापासून बनवायचे, म्हणजे काविळीतलं पित्त फिरून आलंच.)

आता आमच्याकडं या. माझं मेडिकल आहे, खेड्यातलंच. शीतादही (कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली, वेचणी लागली की सकाळी सकाळी बाया येतात, "भाऊ, थे मागच्या बारची बारीक गोयी दे न, मूठच मिटत नाई माही." ती बारीक गोळी म्हणजे स्टेरॉइड, त्याच कॉर्टिसोनच्या खानदानातली. कोण्या डॉक्टरनं कधीतरी पुडीत बांधून दिलेली, चिठ्ठी नाही काही नाही. संध्याकाळपर्यंत बोटं मोकळी, दुसऱ्या दिवशी बाई पऱ्हाटीत. कापूस किलोवर वेचतात, बोटं चालली नाही तर मजुरी नाही, त्यामुळं तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो अन् शेजारीण म्हणते, "बुढीनं आंग धरलं बाप्पा." आंग कायचं, ती गोळीचीच करणी आहे, आतून हाडं ठिसूळ होऊन राहिली अन् शुगर वाढून राहिली. हेंचलाही हे लवकरच दिसलं होतं, औषध बंद केलं की दुखणं परत यायचं, अन् साइड इफेक्ट त्याच्याच पेशंटमध्ये निघाले.

खरं म्हणजे या संधिवातात (डॉक्टर याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात) आपली प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. स्टेरॉइड ती मारामारी दाबते, पण एकट्या त्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं राहिलं की सांधा तर जातोच अन् बाकीचं शरीरही जाते. म्हणून मी बायांना दोनच गोष्टी विचारतो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहतात का, अन् दोन्ही हातांची सारखीच सुजतात का? हो म्हटलं की गोळी देत नाही, सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजात जा म्हणतो. नुसता गुडघा, तोही दिवसभर काम करून दुखत असेल तर बहुतेक झीज आहे, ते वेगळं. आणि जी बाई आधीच खूप दिवसांपासून स्टेरॉइड घेते तिला मात्र एकदम बंद कर असं कधीच सांगत नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते, एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकते, ते डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

तिकडून येताना बहुतेकींच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट असते. मूळ कॅन्सरचं औषध, संधिवातासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झालं, स्वस्त आहे, अन् असर दिसायला महिना दीड महिना लागतो, इथंच बाया कंटाळतात. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी पडतात, माणूस दगावूही शकतो. आता अक्षरओळख नसलेल्या बाईला 'आठवड्यातून एक वार' कसा लक्षात राहील? मी सरळ सांगतो, बजाराच्या दिवशी, बजारातून घरी आली की जेवून घे, बाकी दिवस डब्बीला हात लावू नको. बजार कोणी विसरत नाही.