डेक बांधला, पण घराला न टेकवता

आमचं घर मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. मागचं सरकतं दार उघडलं की खाली ३४ इंच पोकळी, आणि तिथे आधीच्या मालकाने ठेवलेल्या तीन डुगडुगत्या पायऱ्या. आम्ही सहा वर्षं त्यावरूनच उतरलो. गेल्या वर्षी आई-बाबा संगमेश्वरहून सहा महिन्यांसाठी येणार हे नक्की झालं, शिवाय गणपतीची आरती आमच्याकडे, म्हणजे पस्तीसेक माणसं. मग डेक बांधायचं ठरलं. बाबा त्याला शेवटपर्यंत ओटाच म्हणाले.

थंडीत बसून मी नकाशा काढला. १२ बाय १६ फूट. दर चौरस फुटाला ४० पौंड माणसांचा भार धरायचा, म्हणजे एकूण ७,६८० पौंड, जवळजवळ साडेतीन हजार किलो. आकडा फार वाटला. पण २००३ मध्ये शिकागोत एका पार्टीत गर्दीने भरलेला लाकडी पोर्च कोसळून १३ जण गेले होते, ते वाचल्यावर आरतीची गर्दी डोळ्यांसमोर आली आणि हिशेबात काटकसर करायचा विचार सोडून दिला.

नकाशात मी डेकची एक बाजू घराच्या भिंतीला बोल्टने जोडली होती, दुसरी खांबांवर. गावाच्या बांधकाम खात्याने नकाशा परत पाठवला. शेरा एका ओळीचा होता: विटांच्या भिंतीला डेक टांगता येणार नाही. बाबा तेव्हा नुकतेच पोचले होते, त्यांना हे पटेचना. "अरे, विटेला नाही टांगायचं तर कशाला टांगायचं?" जन्म जांभ्याच्या चिऱ्यात गेलेल्या माणसाला सांगणार कसं, की इथली वीट म्हणजे घराने घातलेला सदरा आहे! घर उभं असतं आतल्या लाकडी सांगाड्यावर. वीट त्याच्या पुढे इंचभर पोकळी सोडून उभी, पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी मागे धरलेली. तिच्यावर डेकचं ओझं टाकलं तर ती ते पेलणार नाही. खरं सांगायचं तर मीही त्या भिंतीकडे बघून निर्धास्त होतो.

म्हणजे डेक स्वतःच्या पायांवर उभा करायचा. घराकडे तीन खांब, बाहेर तीन. पण घराजवळची माती तळघर खणल्यावर परत भरलेली, भुसभुशीत. भिंतीपासून पाच फुटांच्या आत पाया घ्यायचा तर तो घराच्या पायाइतका खोल हवा. तेवढं हाताने खणणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. तिथे एका कंत्राटदाराकडून लोखंडी स्क्रूसारखे पाइल्स जमिनीत पिळून घेतले. सगळ्यांत मोठा खर्च हाच, आणि वरून पाहणाऱ्याला तो दिसतही नाही.

खणण्याआधी ८११ नंबरला फोन केला. माणसं येऊन फुकट खुणा करून जातात: पिवळी झेंडी गॅसची, लाल विजेची, केशरी इंटरनेटच्या केबलची. एक केशरी झेंडी नेमकी माझ्या कोपऱ्यातल्या खांबावर, म्हणून सगळा डेक दोन फूट सरकवला. आईने मात्र झेंड्यांकडे बघून विचारलं, "जत्रा आहे का रे?"

बाहेरचे तीन खड्डे आम्ही बापलेकांनी खणले. १८ इंच रुंद, ४२ इंच खोल. एवढ्याशा ओट्याला एवढा पाया कशाला, हे बाबांचं पालुपद. कोकणात वैरी दोन, पाऊस आणि वाळवी. इथे मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया वर उचलतं, वसंतात पुन्हा खाली सोडतं. आमच्या भागात त्या गोठण्याच्या खाली जायचं तर ४२ इंच. काँक्रीट ओतायच्या आधी उघडे खड्डे निरीक्षकाला दाखवावे लागतात. तो येणार त्याच्या आदल्या रात्री पाऊस पडला आणि दोन खड्ड्यांच्या कडा ढासळल्या. पहाटे साडेपाचला टमरेलाने चिखल उपसत बसलो. मग ८० पौंडांच्या ३१ पिशव्या. पाठ आठवडाभर बोलत होती.

लाकूड औषध मुरवलेलं पाइन. २००४ पासून घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक नसतं, औषध तांब्याचं असतं, पण ते साध्या खिळ्याला खाऊन टाकतं. बाबांनी गॅरेजमधून खिळ्यांचा जुना डबा काढला होता, तो मी गुपचूप परत ठेवला आणि जाड जस्त चढवलेले आणले. कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा औषध लावायचं काम बाबांनी घेतलं. एकही टोक सुटलं नाही.

फळ्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं आणि फसलो. "लाकूड पावसात फुगतं, फट ठेव." ठेवली. पण दुकानातली ही फळी औषधाने ओलीचिंब असते, वाळली की आकसते. फट न ठेवताच ठोकायची असते. ऑगस्टपर्यंत फटी बोटभर झाल्या.

पायऱ्यांत चूक पूर्ण माझी. ३४ इंचांचे पाच भाग, प्रत्येकी ६.८ इंच. पायऱ्या पेलणाऱ्या तिरप्या फळ्या कापल्या, पायरीची एक इंच जाडी हिशेबात धरायला विसरलो. खालची पायरी ७.८, वरची ५.८. निरीक्षकाने टेप लावला आणि मान हलवली. कायद्याने फरक ३/८ इंचापर्यंतच चालतो. पाय सवयीने पडतो आणि तिथेच माणूस अडखळतो. चारही फळ्या काढून तळातून इंचभर कापल्या. कठडा ३६ इंच, त्यातून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, ते पहिल्या फटक्यात पास.

आरतीला अडतीस माणसं आली. डेक हलला नाही. ताम्हनातलं एक रुपयाचं नाणं तेवढं घरंगळून फटीतून खाली गेलं.

बाबा ऑक्टोबरमध्ये परतले. एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली तेव्हा त्यांचा फोन, "पाणसळ लावून बघ." लावली. बुडबुडा मधोमध. तसं सांगितलं. क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि ते नाणं काढलंस का?"