शिसपेन्सिल

२४ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी उतरलं होतं, पण चिपळुणातल्या आमच्या वाचनालयाचं दार आतून गाळाने अडलं होतं. तिघांनी खांदा लावला तेव्हा ते उघडलं. भिंतीवरची ओली रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. २००५च्या पुरानंतर आम्ही चांगली पुस्तकं वरच्या कप्प्यांत चढवली होती. पाणी या वेळी त्यांच्याही वर गेलं होतं.

पुस्तकं फुगून इतकी घट्ट बसली होती की ओढलं तर पुठ्ठाच हातात यायचा. शेवटी रॅकचे बोल्ट सोडवले. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. वीज असती तर बर्फाच्या कारखान्यात गोठवून तरी ठेवली असती. मग एकेक पुस्तक मिटलेलंच बादलीत हलकेच खळबळायचं, गाळ निघाला की उभं करायचं, पानांत कोरे कागद घालायचे, ते भिजले की बदलायचे.

निसर्गाचं कपाट माझं लाडकं. पक्षी, झाडं, समुद्रातले जीव. शनिवारी शाळा सुटली की पोरं रंगीत चित्रं बघायला यायची. मला वाटलं होतं, ही जाड, गुळगुळीत पानांची पुस्तकं तग धरतील. पण आर्ट पेपरवरचा लेप भिजला की चिकट होतो आणि वाळता वाळता पानं एकमेकांना कायमची धरून बसतात. आम्ही पोचेपर्यंत बऱ्याच पुस्तकांच्या विटा झाल्या होत्या. बेडकाच्या चित्राचा एक कोपरा तेवढा सुटला, तो मी जपून ठेवला आहे. साध्या कागदावरचे इतिहासाचे ठोकळे, कादंबऱ्या, पिवळी पडलेली नाटकं मात्र पान पान सोडत होती.

दाखल नोंदवही उघडली आणि मी मटकन खाली बसले. दौतीच्या शाईने लिहिलेली जुनी पानं नुसती निळी झाली होती. पुस्तकांवरचे क्रमांकही त्याच शाईचे. कोणतं पुस्तक कधी आलं, कुणी दिलं, सगळं गेलं.

तेवढ्यात आमचे जुने सभासद अण्णा चिखल तुडवत आले. दोरीवर वाळत घातलेल्या नाटकांपाशी थांबले.

"ताई, ही 'शारदा' इकडे आणा बघू."

देवलांच्या १८९९च्या नाटकाची ती जुनी प्रत गावच्या हौशी मंडळींनी वापरलेली. 'मूर्तिमंत भीती उभी' या पदाशेजारी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, 'पेटी काळी दोन', म्हणजे गाण्यासाठी पेटीची पट्टी. भद्रेश्वर दीक्षिताच्या भाषणाशी, 'इथे थांब, लोक हसतील'. एक अक्षर फुटलं नव्हतं. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते पाण्यात विरघळत नाही.

"माझं अक्षर आहे हो हे," अण्णा म्हणाले. "प्रॉम्प्टर होतो मी." आणि चिखलात उभ्या उभ्या त्यांनी ते भाषण, थांबायच्या जागी थांबत, वाचून दाखवलं.

नवी नोंदवही बॉलपेनने लिहिली. पण प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर दाखल क्रमांक मी तेव्हापासून शिसपेन्सिलीनेही घालते.