विशारद नाही, मग रियाज कशाला?

शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा मी मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या, त्यापुढची विशारद दिली नाही. का, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. आधी, "मध्यमा पूर्ण झालात, मग विशारद का नाही केलंत?" आणि मी "आता परीक्षा नकोत" म्हटलं की लगेच, "मग रोज पहाटे उठून रियाज कशाला?"

परीक्षांशी माझं भांडण नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे मंडळ स्थापून परीक्षा गावोगाव पोचवल्या, म्हणून तर घरात गाणं नसलेल्या माझ्यासारखीला राग ओळखता यायला लागले. पण विशारदला रागांची यादी लांबत जाते आणि मला तोडी या एकाच रागापाशी बसायचं होतं. तोडीचा गंधार, म्हणजे 'ग', नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला. पेटीवर तो मिळत नाही, तानपुरा लावून कानानेच शोधावा लागतो. एखाद्या सकाळी लागतो, दुसऱ्या दिवशी हुलकावणी देतो. तिथे मी स्वतःला सूट देत नाही. "वयाच्या मानाने छान गाता" असं कुणी म्हटलं की चीड येते.

सूट दिली ती पट्टीला, म्हणजे सा ज्या उंचीवर धरायचा तिला. पूर्वी मी पेटीच्या काळी पाचमध्ये गायचे. पाळी गेल्यावर आवाज उतरला. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, ओढाताण व्हायची, घसा बसायचा. गुरुजींनी काळी चार धरायला लावली, आता त्याहून खाली, पांढरी पाच. क्लासमधल्या मुली हळहळल्या. त्यात हळहळण्यासारखं काय? आपल्या गाण्यात सा कुठे ठरलेल्या उंचीवर असतो? ज्याचा गळा जिथे मोकळा लागतो, तिथे त्याचा सा. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐका, आवाज बारीक आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो जड, पुरुषी झाला आणि आज आपण त्यांना ओळखतो ते त्याच आवाजाने. एवढं मोठं नाव माझ्या शेजारी ठेवायला संकोच वाटतो, पण पट्टी उतरली म्हणून हिरमुसलेल्या बायकांना मी हेच सांगते. पट्टी खाली आली म्हणून गंधार ढिला चालतो असं मात्र नाही. उलट ओढाताण थांबली, तेव्हा कुठे तो नीट ऐकू यायला लागला.

आणि तुमच्यातल्या पंचविशीतल्या मुलींनी माझं उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. तुम्ही विशारद द्याच. पाचपंचवीस राग गळ्याखालून गेल्याशिवाय आपण कुठल्या रागापाशी थांबणार, हे कळायचं कसं?