आमची वाटचाल : एका लोहारशाळेच्या पाच पिढ्या

आमच्या पणजोबांनी गावातल्या शेतकऱ्याकडून कामाचा रोख पैसा कधी घेतला नाही. बलुतं चालायचं. वर्षभर नांगराचे फाळ, कुळवाच्या पासा, खुरपी, विळे, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेला आणून, द्यायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन ज्वारी घेऊन यायची. कुणाचं किती काम झालं याचा हिशेब नसायचा. पेरणीच्या आदल्या रात्री एखाद्याच्या पाभरीचा फण मोडला तर रात्रीच भट्टी पेटवायची. 'उद्या ये' असं म्हणायची सोय बलुतेदाराला नव्हती.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. काळी, चिकट जमीन. त्यामुळे लोखंड झिजायचं लवकर आणि लोहाराला बसून राहायला वेळ नसायचा. जवळच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि 1910 साली औंध संस्थानाच्या माळावर कारखाना आणला. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीने सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावत नव्हते. पुढे तोच नांगर घरोघरी झाला आणि पणजोबांपुढे नवीनच अडचण उभी राहिली. त्यात बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग होते. बीड भट्टीत घालून ठोकलं तर वाढत नाही, तुटतं. ठोकणं हीच ज्यांची विद्या, त्यांनी करायचं काय? आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणीच भोकं पाडणं, आटे पाडणं, नटबोल्ट बसवणं शिकून घेतलं. लोहारकीतून फिटरकाम आमच्या घरात आलं ते असं, गरजेपोटी.

आबांच्या हातचं सगळ्यात नावाजलेलं काम मात्र गाडीच्या चाकाला धाव चढवण्याचं. चाक सुताराचं, बाभळीचं. त्यावरची धाव, म्हणजे लोखंडी कडं, आमचं. चाकाचा घेर मोजून धाव त्याहून बोटभर कमी घेराची करायची. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि लाल होईपर्यंत तापवायची. तापल्यावर लोखंड पसरतं. ते पसरलेलं असतानाच तिघाचौघांनी सांडशीत धरून धाव चाकावर बसवायची आणि लगेच कळशांनी पाणी ओतायचं. धाव आकसते, चाकाचे आरे मधल्या तुंब्यात करकचून बसतात, त्या वेळी लाकूड कण्हल्यासारखा आवाज येतो. तो मी लहानपणी ऐकलाय. बोटभराच्या जागी दोन बोटं कमी धरली तर धाव चढत नाही, अर्धं बोट धरलं तर उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव निसटते. आबा सुतळीने मोजायचे. त्यांची सुतळी चुकल्याचं कुणी सांगत नाही.

आता आजीबद्दल, कारण तिच्याशिवाय ही वाटचाल अर्धीच राहील. लोहाराच्या घरात भाता बाईने ओढायचा, हे तर होतंच. आजी घणही मारायची. आबा सांडशीत तापलेला तुकडा धरून ऐरणीवर ठेवायचे आणि लहान हातोडीने जिथे टिचकी मारायचे, तिथेच आजीचा घण पडायचा. तोंडाने एक शब्द नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत तिने घण मारला. आमच्या जुन्या पाटीवर आबांचं नाव आहे, आजीचं नाही. याचं मला वाईट वाटतं.

मग 1972 चा दुष्काळ आला. शेतात काही पिकलंच नाही, तर खळं कुठलं आणि बलुतं कुठलं! पण सरकारी कामं निघाली, रस्ते, तलाव, खडी फोडणं. शेकडो माणसं पहारी, टिकाव, सुतक्या घेऊन कामावर आणि दगडावर ती हत्यारं दोन दिवसांत बोथट. आबांनी भाता आणि ऐरण बैलगाडीत घातली आणि कामाच्या जागेजवळच झाडाखाली भट्टी लावली. तिथे मजुरी रोखीने मिळाली. आपल्याच भागात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी 1965 मध्ये ज्या रोजगार हमीचा प्रयोग केला, त्याच वाटेने दुष्काळात राज्यभर लोकांच्या हाताला काम मिळालं. आमचं घरही त्या कामांवरच तगलं.

दुष्काळ सरला, पण आबा परत बलुत्यावर गेले नाहीत. बलुतेदारी गेल्याची हळहळ अनेक जण करतात, मी करत नाही. खळ्यावर एका कडेला उभं राहून, देणारा किती पाट्या टाकतो याकडे बघत बसणं काय असतं, ते आजीने मला सांगितलंय. बलुत्यातली एकच गोष्ट आम्ही ठेवली : आमच्या हातचं अवजार मोडलं तर त्याच दिवशी हातात घ्यायचं.

अण्णांच्या काळात वीज आली, वेल्डिंग आलं. साखर कारखान्यांमुळे ऊस वाढला आणि लाकडी चाकांच्या गाड्यांची जागा रबरी टायरच्या गाड्यांनी घेतली. आमच्याकडे त्यांना सगळे 'डनलॉप'च म्हणतात. धाव चढवायचं काम हळूहळू बंद पडलं. आबा त्या दिवसांत फार बोलत नसत. अण्णांनी लेथ घेतला, डनलॉप गाड्या आणि नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधायला घेतल्या. एका मोठ्या गिऱ्हाइकाने ट्रॉल्या नेऊन दोन वर्षं पैसे दिले नाहीत. आईचे दागिने त्यात गेले, पण कामगारांची एका आठवड्याचीही मजुरी थकली नाही.

मी आयटीआय केलं आणि कर्ज काढून वर्कशॉप वाढवलं. या भागात द्राक्षबागा पसरल्या तसे मांडवाचे वाय अँगल, सरी पाडायचे रिजर, रोटाव्हेटरची पाती, अशी कामं वाढत गेली. आज आम्ही अकरा जण आहोत.

ऑगस्ट 2019 चा महापूर मात्र विसरता येत नाही. वर्कशॉपमध्ये छातीइतकं पाणी आठवडाभर होतं. ओसरल्यावर आत गेलो तर मोटारी, वेल्डिंग सेट, लेथ, सगळं गाळात. ऐरण तेवढी जागची हलली नव्हती. वीज नव्हती, म्हणून माळ्यावरचा आबांचा हाताने फिरवायचा पंखा काढला, कोळसा पेटवला आणि पहिल्याच दिवशी लोकांची खोरी, टिकाव, फावडी नीट करायला घेतली, कारण प्रत्येकाला आपल्या घरातला गाळ उपसायचा होता. त्या आठवड्यात आम्ही कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

माझी मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा करून तीन वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये आली. कोयत्याला पाणी द्यायची, म्हणजे धार कडक करायची, आबांची रीत तिने आधी नीट समजून घेतली. ट्रकच्या कमानीचा पाटा ठोकून कोयता करायचा, तापवून धार पाण्यात बुडवायची, लगेच दगडावर घासून चकचकीत करायची आणि मागच्या जाड भागातली धग धारेकडे सरकताना रंग बघायचा. गव्हाळ रंग आला की पुन्हा पाण्यात. निळा होईपर्यंत थांबलं तर धार मऊ पडते. मुलीने त्याला तापमापक लावलं : साधारण 230 अंश. आबांना हा आकडा माहीत नव्हता, रंग मात्र अचूक माहीत होता.

दर हंगामात बीड जिल्ह्याकडून ऊसतोड कामगार आमच्याकडे कोयते शेवटून घ्यायला येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं त्यांच्यात मोजतात. गेल्या वर्षी त्यांच्यातली एक ताई मुलीला म्हणाली, "अगं, ही मूठ माझ्या हातात मावत नाही, मनगट भरून येतं." मुलीने तिथेच तिच्या तळहाताचं माप घेतलं. बारीक मुठीचे, थोडे हलके असे चाळीस कोयते यंदा तिने केले आहेत आणि तळावरच्या बायकांना वापरायला दिले आहेत. त्यातले सहा कालच परत आलेत. मूठ बरोबर आहे, पण पातं अजून दोन बोटं लांब हवं, असं त्यांचं म्हणणं आहे. आज सकाळपासून तेच काम चालू आहे.